सिराज हमदुले यांचं जम्मूचं लायसन

मस्कतच्या दार्सैत भागातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत चार माणसं राहत. त्यांतले एक सिराज हमदुले. सगळे त्यांना ‘फौजी’ म्हणत. वीस वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावचे. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांतली काही माणसं अजून तिथे आहेत. रुवीतल्या एका गोदामावर ते पहारेकऱ्यांचे मुकादम होते. हाताशी टॉर्च, शिट्टी आणि एक रजिस्टर. मे महिन्यातही त्यांचा सदरा कडक इस्त्रीचा असे, आणि बूट दाराबाहेर असे ठेवलेले की फूटपट्टी लावून बघावी.

आमची ओळख झाली ती माझ्या टाइपरायटरमुळे. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी माझ्याकडून इंग्रजी पत्रलेखन घोटून घेतलं होतं. त्याचा उपयोग मस्कतला असा झाला की व्हिसा, शाळा, पेन्शन, कशाचाही अर्ज लिहायचा असला की लोक आमचं दार वाजवत. सिराजभाई प्रथम आले ते १९९१ मध्ये, पेन्शनच्या पत्रासाठी. मी टाइप केलेला कागद त्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि म्हणाले, “भाभी, आमच्या अॅडज्युटंटसाहेबांना असं जमलं नसतं.”

२७ मार्च १९९३, शनिवार. माझ्या डायरीत नोंद आहे: ‘दुपारी २.१०. सिराजभाई आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.’

ईद होऊन दोनच दिवस झाले होते. त्यांच्या हातात एक लहान, जाड पुठ्ठ्याची पुस्तिका होती.

“हे मला वाचून दाखवा,” ते म्हणाले. “थोडं इंग्रजी मला येतं. पण आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय.”

ते रिव्हॉल्व्हरचं लायसन होतं. जम्मूचं.

त्या महिन्याच्या बारा तारखेला मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर उतरल्याचं पुढे आलं आणि त्या पट्ट्यातल्या गावांत घरोघर झडत्या सुरू झाल्या. ज्याच्याकडे विनापरवाना हत्यार सापडेल त्याला टाडा लागेल, असं लोक बोलत. आणि सिराजभाईंचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर अकरा गोळ्यांसकट गावातल्या घरी, त्यांच्या फौजी ट्रंकेत होतं. घरात त्यांची बायको खैरुन्निसा एकटी.

मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. पलटण जम्मूला असताना जवानांना तिथेच, नेमणुकीच्या जागी, खाजगी हत्याराचं लायसन मिळे. कमांडिंग ऑफिसरची शिफारस असली की काम होई. निवृत्तीनंतर स्वतःचं हत्यार असलेल्या माणसाला बँकेत पहारेकऱ्याची नोकरी लवकर लागते, म्हणून पुष्कळ जण घेत. यांनीही घेतलं. नोकरीत होते तोवर ते पलटणीच्या शस्त्रकोठीत जमा असायचं. जून १९९० मध्ये घरी जाताना ते त्यांच्या ताब्यात मिळालं, सोबत प्रवासापुरता एक कागद. ‘घरी पोचलात की आपल्या जिल्ह्यात नोंद करून घ्या,’ असं ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं होतं.

“गेलो होतो एकदा तालुक्याला. साहेब दौऱ्यावर होते. मग मस्कतचा व्हिसा आला.”

“मग येताना बंदुकीच्या दुकानात किंवा ठाण्यात जमा का नाही केलंत?”

 ते म्हणाले, “फौजी आपलं हत्यार दुसऱ्याच्या हवाली करत नाही, भाभी. वीस वर्षं हेच शिकलो. आणि फौजीचं लायसन देशभर चालतं असं सगळेच धरून चालायचे.”

मी पुस्तिका मागच्या अटींसकट वाचून दाखवली. लायसन फक्त त्या राज्यापुरतं होतं. राहण्याचं ठिकाण बदललं तर तीस दिवसांत नव्या जिल्ह्याला कळवायचं होतं. मुदत ३१ डिसेंबर १९९१ रोजी संपली होती. आणि ज्याच्या नावावर लायसन आहे त्याच्याखेरीज कोणीही ते हत्यार बाळगायचं नव्हतं.

“म्हणजे खैरुन्निसा,” ते म्हणाले.

“हो.”

तेव्हा ते बसले.

माझे पती चंद्रशेखर जेवायला घरी आलेले होते. कुरुमला एका बांधकाम कंपनीत ते इंजिनियर होते. आतून ऐकत होते ते बाहेर आले.

“फौजी, सरळ सांगतो. फोन करा आणि तिला म्हणा, खाडीत फेकून दे. खलास.”

“साहेब, त्याच्यावर नंबर आहे. तो नंबर जम्मूच्या दप्तरात आहे, माझ्या नावासमोर. उद्या कोणी विचारलं कुठाय, तर खाडीत म्हणू? आत्ताच्या दिवसांत? हमदुलेचं रिव्हॉल्व्हर हरवलं, असं कोण मानेल?”

 मी चहा ठेवायला गेले तेव्हा चंद्रशेखर माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाले, “नूतन, आपण यात पडायचं का? कागदावर तुझ्या टाइपरायटरची अक्षरं असणार.” डिसेंबरातल्या दंगलींपासून इमारतीतली माणसं जिन्यात भेटली तरी कामापुरतं बोलत होती, हेही मी इथे लिहून ठेवते. मी म्हटलं, “पडायचं.” 

मी एक योजना केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे इंग्रजीत सविस्तर अर्ज, त्यावर दूतावासाचा शिक्का, निवृत्तीच्या वेळी कमांडिंग ऑफिसरने दिलेलं प्रमाणपत्र, आणि हे सगळं फॅक्सने रवाना. मग ठाण्यात हत्यार जमा. “आधी कागद, मग हत्यार,” मी म्हटलं. “कागद पोचेपर्यंत खैरुन्निसाने ट्रंकेला हात लावू नये.”

“तुम्ही म्हणाल तसं,” सिराजभाई म्हणाले.

रविवारी सकाळी अर्ज तयार झाला. तीन पानं. एकही खाडाखोड नव्हती. दूतावासातून सिराजभाई तासाभरात परत आले: मूळ पासपोर्टाशिवाय सही साक्षांकित होत नाही, तसा नियम आहे. पासपोर्ट अर्बाबकडे, म्हणजे गोदामाच्या ओमानी मालकाकडे होता आणि अर्बाब ईदसाठी निझव्याला आपल्या गावी गेले होते. मंगळवारी येणार होते.

सोमवार नुसता गेला. मी अर्ज पुन्हा वाचला आणि दुसऱ्या परिच्छेदातला एक शब्द बदलून ते पान नव्याने टाइप केलं. आज त्याची लाज वाटते.

मंगळवारी दुपारी सिराजभाई अर्बाबच्या ऑफिसातून आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. अर्बाब अस्खलित हिंदी बोलत. त्यांनी सगळं ऐकून आधी हसण्यावारी नेलं होतं. “एक पिस्तूल? माझ्या बापाच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, भिंतीवर तीन रायफली आहेत. बायकोने सांभाळलं तर बिघडलं काय?” मग पोलीस हा शब्द ऐकल्यावर ते गंभीर झाले.

“पासपोर्ट देतो म्हणाले,” सिराजभाईंनी सांगितलं. “पण विचारलं, सिराज, तू गेलास तर परत येशील? मी म्हटलं, इन्शाल्ला. ते म्हणाले, इन्शाल्ला तर मीही म्हणतो, तू काय म्हणतोस ते सांग.”

“मग?”

“मला सांगता आलं नाही.”

दूतावासाची वेळ तोवर संपली होती. चार वाजता आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या कार्डफोनवर गेलो. गावात फोन एकच, रामकृष्ण गुरुजींच्या ओटीवर. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, सिराजभाईंचेच मास्तर. फोन केला की गुरुजी निरोप पाठवत आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन लावायचा, अशी पद्धत. त्या दिवशी मात्र खैरुन्निसा आधीच तिथे येऊन बसली होती.

सिराजभाईंनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला, मला ऐकू यावं म्हणून. ओटीवर माणसं असणार हे आम्हाला ठाऊक होतं.

“सकाळी शेजारच्या वाडीत आले होते,” ती म्हणाली. “चार जणांना घेऊन गेले. उद्या नायतर परवा इथं येतील. तुमच्या सामानाचं काय करू?”

सिराजभाईंनी माझ्याकडे पाहिलं. 

“उद्या सकाळी शिक्का मिळेल,” मी म्हटलं. “दुपारपर्यंत फॅक्स जाईल. त्यांना म्हणावं, एकच दिवस थांबा.”

ते फोनमध्ये बोलले ते त्यांच्या गावच्या बोलीत आणि इतकं भराभर की मला अर्धंही कळलं नाही. पलीकडून तिचा आवाज मात्र स्वच्छ आला.

“तुमचे कागद येतील तवा येतील. मी उद्या पहिल्या गाडीनं जातंय. गुरुजी बरोबर येतात. गोळ्या मी काढल्यात, वेगळ्या बांधल्यात.”

“तुला काढता आल्या?”

“तीन वरसं दर महिन्याला तेल कोण लावतंय त्याला? तुमी?”

आणि फोन ठेवला गेला. सिराजभाई रिसीव्हर हातात धरून उभेच राहिले. मागे रांगेत एक केरळी माणूस होता, तो घाई करत म्हणाला, “यल्ला भाई.”

३१ मार्च, बुधवार. त्या दिवशी मी डायरीत दर तासाला लिहिलं आहे. सकाळी सिराजभाई पासपोर्ट घेऊन दूतावासात गेले आणि साडेनऊला शिक्का मिळाला. दहाला फॅक्स गेला. आपल्याकडे तेव्हा साडेअकरा. म्हणजे खैरुन्निसा ठाण्यात पोचून दोन तास तरी व्हायला हवे होते. सिराजभाईंनी फॅक्सच्या दुकानातूनच गुरुजींच्या घरी फोन लावला. गुरुजींच्या बायकोने उचलला.

“दोघं सकाळी गेलेत ते अजून नाहीत. आणि सिराज, नाक्यावर एस.टी. थांबवून पिशव्या तपासतायत म्हणे. दूधवाला सांगत होता.”

याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मी तीन पानं लिहिली, शिक्क्यांचा विचार केला, जिल्हाधिकाऱ्यांचा मायना तपासला. पण गाव आणि ठाणं यांच्यामध्ये एक रस्ता आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ठाण्यात जाऊन जमा केलं तर ती स्वतःहून आलेली. नाक्यावर पिशवीत सापडलं तर ती पकडलेली. रिव्हॉल्व्हर तेच, बाई तीच, दोन्हींमध्ये सहा किलोमीटर.

एक वाजता सिराजभाई आमच्याकडे आले. पुन्हा फोन: आलेले नाहीत. त्या दिवशी ते कामावर परत गेलेच नाहीत. आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ उभे राहिले. मी जेवायला वाढलं, त्यांनी ताटाकडे पाहिलंही नाही.

“भाभी, मी तिथे असतो तर मला धरलं असतं. ठीक होतं. माझंच हत्यार.” थोड्या वेळाने म्हणाले, “तिला तर ते घरात नको होतं. पहिल्या दिवशीच बोलली होती.”

तीन वाजता पुन्हा. नाहीत. चंद्रशेखर ऑफिसातून लवकर आले. कपडेही न बदलता ते सिराजभाईंच्या शेजारी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दोघं खालच्या टॅक्सींकडे बघत होते. 

पाच वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे सातच्या सुमाराला, गुरुजींनीच फोन उचलला. आम्ही तिघं कार्डफोनच्या काचेला चिकटून उभे होतो.

“आलो, आलो. दोघंही आलो,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज बसलेला होता. “पावती आहे. तू मात्र ये आता, सिराज. केस तुझ्यावर आहे.”

झालं ते असं. मंगळवारी संध्याकाळी गुरुजींनी शाळेच्या वहीचं एक पान घेऊन त्यावर मराठीत पाच ओळी लिहिल्या: अमुक नंबरचं रिव्हॉल्व्हर व अकरा काडतुसं, लायसनदार परदेशी असल्याने, त्याची पत्नी जमा करण्यासाठी ठाण्यात नेत आहे. खाली तारीख, वेळ, आणि गावातल्या सहा जणांच्या सह्या. त्यात पोलीस पाटील होते. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा तपासणारा शिपाई अजून पुढच्या बाकांवर होता. खैरुन्निसा मागच्या बाकावरून उठली, चालत त्याच्यापाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “माझ्या पिशवीत नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर हाय. ठाण्यात द्यायला चाललेय. हा कागद वाचा आणि मग पिशवी घ्या.”

पुढे सात तास त्या दोघांना बसवून ठेवलं. माझा फॅक्स कुठल्याशा टेबलावर पोचला असेल. त्या दिवशी तो कोणी पाहिला नाही. उपयोगी पडलं ते वहीचं पान.

सिराजभाई ३ एप्रिलला गेले. अर्बाब स्वतः त्यांना सीबच्या विमानतळावर सोडायला आले होते. जाताना सिराजभाईंनी माझ्याकडून कमांडिंग ऑफिसरच्या प्रमाणपत्राच्या तीन प्रती घेतल्या. गावी पोचताच ठाण्यात हजर झाले. अकरा दिवस कोठडी, मग जामीन. टाडा लागला नाही. शस्त्र कायद्याखाली मुदत संपलेल्या आणि नोंद न केलेल्या लायसनचा खटला चालला. पासपोर्ट कोर्टात जमा होता, त्यामुळे मस्कतची नोकरी गेली. १९९७ मध्ये दंड होऊन प्रकरण मिटलं. पुढच्या वर्षी त्याच अर्बाबांनी त्यांना नव्या व्हिसावर बोलावून घेतलं. या वेळी राहायची जागा शहराबाहेर माबेलात होती, आमच्याकडे यायचं तर जाऊन येऊन दीड तास.

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. मस्कतमध्ये कोणी निवृत्त फौजी नवा आला की हे शुक्रवारी त्याला शोधून काढत. सलाम-नमस्कार झाला की लगेच, “लायसन कुठलं? जम्मूचं? कुठे जमा केलंस? जिल्ह्यात नोंद आहे?” एकजण चिडून म्हणाला होता, “हवालदारसाहेब, तुम्ही पोलीस आहात काय?” ते म्हणाले, “नाही. माझी बायको सात तास नाक्यावर आणि ठाण्यात बसली होती. तुझी बसेल?” त्या माणसाला घेऊनच ते माझ्याकडे आले. असे सतरा अर्ज मी टाइप केले, आणि प्रत्येकाबरोबर मराठी किंवा हिंदी पाच ओळींचा साधा कागदही द्यायला शिकले.

खैरुन्निसा मस्कतला आली ती २००४ मध्ये, तीन महिन्यांसाठी. अकरा वर्षं जिचा फक्त आवाज मला ठाऊक होता ती बाई आमच्या सोफ्यावर बसली होती: लहानखुरी, डोळ्यांना जाड चष्मा. मी ठरवलंच होतं. चहा झाल्यावर म्हटलं, “खैरुन्निसाबेन, त्या दिवशी मी ‘थांबा’ म्हटलं होतं. माझं चुकलं होतं. तुम्ही ऐकलं असतंत तर दुसऱ्या दिवशी झडती तुमच्या दारात होती.”

ती गोंधळली. “तुमी थांबा बोललात? मना कोणी नाय सांगितलं.”

आम्ही दोघींनी सिराजभाईंकडे पाहिलं.

“मी सांगितलंच नाही,” ते म्हणाले. “मी म्हटलं, तू तिथे आहेस, तुला दिसतंय, तू ठरव.”

“ते बोलले, खरं,” ती म्हणाली. “लगीन झाल्यापासून पहिल्यांदा.”

चंद्रशेखर मोठ्याने हसले. ती हसली नाही. ती त्या दिवसाविषयी बोलू लागली, आणि मला वाटतं सिराजभाईही ते प्रथमच ऐकत होते. एस.टी.तली बाया-माणसं खिडकीतून बघत होती. त्यांतल्या दोघी तिच्या शेजारणी होत्या. पुढे वर्षभर त्या पाण्याला बरोबर आल्या नाहीत. दुपारी ठाण्यात कोणी एक लिहिलेला कागद आणला आणि इथे अंगठा कर म्हणाला. “मी बोलले, मना सही येते, वाचता पण येतं. आधी वाचीन. त्यात लिवलं होतं, रिव्हॉल्व्हर झडतीत सापडलं. मी बोलले, हे नाय. गुरुजींना आत येऊ देत नव्हते. मी तिथंच बसून राहिले. दुसरा कागद लिवायला चार तास लागले त्यांना.”

सिराजभाई उठून बाल्कनीत गेले. बराच वेळ आले नाहीत.

ते मला भेटायला आले होते त्याला आणखी एक कारण होतं. कोर्टातून पत्र आलं होतं: मुद्देमाल म्हणून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर, नवं लायसन काढल्यास परत मिळू शकेल, नाहीतर सरकारजमा होऊन मोडीत निघेल. तसं लेखी कळवायचं होतं. बाल्कनीतून परत आल्यावर त्यांनी ते पत्र खिशातून काढलं. मला वाटलं माझ्या हातात देतील. ते त्यांनी बायकोपुढे ठेवलं.

“तू सांग.”

तिने चष्मा वर सरकवून पत्र वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून.

“तुमाला पाहिजे?”

“पाहिजे,” ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना येत नसे.

“मना नको.”

“मग नको,” ते म्हणाले.

मी टाइपरायटरवरचं आवरण काढलं. इंग्रजीत चार ओळी झाल्या. तिने मला त्या मराठीत सांगायला लावल्या, एक शब्द दोनदा विचारला, आणि मग कागद नवऱ्याकडे सरकवला. सिराजभाईंनी सही केली: आधी फौजी नंबर, मग हुद्दा, मग नाव. सही वाळेपर्यंत त्यांनी कागदावरचा हात उचलला नाही, आणि ती घाई करा म्हणाली नाही.